जावेची मान बरी झाली, माझी का नाही?

‘मॅडम, मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते, वय ४६. गुजरीतल्या दोन सराफांचे दागिने घरी गाठवून देते. साज, ठुशी, मोहनमाळ, काय येईल ते. वीस वर्षं हाच धंदा. दोन वर्षांपासून मान धरलीय. उजव्या खवाट्यात कळ लागून असते, अधूनमधून अंगठ्याला मुंग्या येतात. एमआरआय काढला. मणक्यात गॅप आहे आणि सी ५-६ ची गादी सरकलीय म्हणाले. दहा दिवस शेक, करंट, मानेला वजन, सगळं केलं. मशीन लावून पोरगं बाहेर मोबाईल बघत बसायचं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, घरी आलं की ये रे माझ्या मागल्या. मग एकांकडून मान मोडून घेतली. दोन दिवस हलकं, तिसऱ्या दिवशी उशीवरून डोकं उचलेना. आता पट्टा दिवसभर घालते, कारण पट्टा काढला आणि नस दबली तर लकवा मारेल असं सांगितलंय. माझ्या जावेचीही मान अशीच धरली होती. ती त्याच दवाखान्यात तीन आठवड्यांत ठणठणीत झाली, आता रोज रंकाळ्यावर फिरते. तेच डॉक्टर, तेच मशीन, मग माझ्याच मानेनं काय पाप केलंय? की ऑपरेशन करून मोकळी होऊ?

ता. क. सासूबाई दीड वर्ष अर्धांगवायूनं अंथरुणावर आहेत. रात्री दोन-तीनदा उठून त्यांची कूस बदलावी लागते, पण त्याची आता सवय झालीय. डोळे अजून चांगले आहेत, सुई बिनचष्म्याची ओवते.’

ताई,

तुमच्या पत्राचं उत्तर मी ता. क. पासून सुरू करणार होते, पण जावेचा हिशेब मिटल्याशिवाय तुमचं लक्ष लागणार नाही. तेव्हा आधी तो.

दवाखाना तोच, मशीन तेच, हे खरं. पण जाऊबाई तिथं गेल्या तेव्हा त्यांची मान किती दिवसांची दुखरी होती? माझा अंदाज, आठवडा-पंधरवडा. तुमची त्या दिवशी दीड-पावणेदोन वर्षांची होती. नुकती धरलेली साधी मान बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपसूक सैल होत जाते. त्या दिवसांत शेक घेतला तर श्रेय शेकाला, तेल चोळलं तर तेलाला आणि नवस बोलला असेल तर अंबाबाईला. मी फिजिओथेरपिस्ट, असं श्रेय मला मिळतं तेव्हा मीही ते मुकाट्यानं घेते, खोटं कशाला बोलू! तीन महिन्यांच्या पुढं गेलेलं दुखणं मात्र निराळं वागतं. नसा आणि मेंदू दुखण्याच्या बाबतीत हळवे होऊन बसतात, जरा ताण आला की मोठी बोंब ठोकतात. त्यात चाळिशी उलटलेली असेल, आधी कधी मान दुखून गेली असेल, जोडीला कंबरही कुरकुरत असेल, तर बरं व्हायला वेळ लागतो. हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणजे तीन आठवड्यांत जाऊबाईंना जेवढा फरक पडला तेवढाच तुम्हाला दहा दिवसांत पडावा, ही अपेक्षाच मुळात चुकीच्या मापानं केलेली.

आता रात्रीचं. ‘सवय झालीय’ असं तुम्ही लिहिलंय. सवय मनाला होते, ताई. दीड वर्ष तुकड्या-तुकड्यांनी झोपणाऱ्या शरीराला होत नाही. अपुऱ्या झोपेनं दुखणं जास्त जाणवतं, हे धडधाकट तरुणांवरच्या प्रयोगांतही दिसलेलं आहे. एक-दोन रात्री मोडल्या तरी दुसऱ्या दिवशी त्यांना तोच दाब जास्त दुखतो. तुमचं दुखणं सासूबाईंच्या आजारपणाआधीचं आहे, त्यामुळं सुरुवात तिथून झाली असं मी म्हणत नाही. पण दिवसा मशीनखाली जे काही थोडं सैल होत होतं, ते रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत, वाकून, एकटीनं एक अख्खं माणूस फिरवताना पुन्हा आवळत होतं. जाऊबाईंच्या घरी रात्री कुणी उठत नसणार. दोघींच्या उपचारातला सगळ्यात मोठा फरक मला हा दिसतो, आणि तो दवाखान्याच्या केसपेपरवर कुणी लिहून घेतला नसेल.

कूस बदलणं बंद करा असं मी सांगणार नाही. ती बदललीच पाहिजे, नाहीतर पाठीला जखमा होतात. पण ते एकटीनं, हातांनी ओढून करू नका. सासूबाईंच्या खाली खांद्यापासून मांडीपर्यंत येईल अशी एक मजबूत चादर दुमडून कायमची घालून ठेवा. दोन्ही बाजूंनी दोघांनी ती चादर धरायची आणि चादरीसकट फिरवायचं, म्हणजे वजन मानेवर न येता पायांवर येतं. हवेची गादी नसेल तर घ्या, भाड्यानंही मिळते. ती आल्यावर रात्रीचं अंतर थोडं वाढवता येईल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. आणि दोघांनी म्हणजे कुणी, तर तुमच्या मालकांनी. त्यांच्याच आई आहेत. तुमच्या पत्रात मालकांचा उल्लेख एकदाही नाही, हे माझ्या नजरेतून सुटलेलं नाही. आठवड्यातल्या निदान तीन रात्रींची पाळी पूर्ण त्यांची, आणि त्या रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. हा मी लिहून देत असलेला औषधोपचार आहे असं त्यांना सांगा. हवं तर हा मजकूर दाखवा.

दुसरी गोष्ट भीतीची, आणि इथं मला थोडं सविस्तर बोलायचंय.

तुमच्या घरात एक बाई अर्धांगवायूनं झोपून आहे. तिचं सगळं तुम्ही करता. अशा घरात येऊन कुणी तुम्हाला सांगतं की पट्टा काढलात तर लकवा मारेल. दुसऱ्या कुणी हे हसण्यावारी नेलं असतं, तुम्ही कसं नेणार? शेजारच्या खाटेवर तुम्हाला तुमचं पुढचं आयुष्य दिसत असणार. म्हणून नीट वाचा: अर्धांगवायू होतो तो मेंदूत. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अडतो किंवा तिथं रक्तस्राव होतो. मानेतली एक गादी फुगली म्हणून, किंवा पट्टा खुंटीला टांगला म्हणून तो होत नाही.

उलट एक सांगते, घाबरवायला नाही, पण सांगायलाच हवं. मान झटक्यानं कडकन मोडून घेताना मेंदूकडं जाणारी रक्तवाहिनी आतून फाटू शकते. फार क्वचित घडतं, पण घडलं तर त्यातून खरोखरचा अर्धांगवायू होऊ शकतो. म्हणजे ज्या पट्ट्याला तुम्ही जिवापाड धरून बसलाय त्याचा लकव्याशी संबंध नाही, आणि ज्याच्याकडं तुम्ही बिनधास्त मान दिलीत त्याचा थोडा का होईना, आहे. पुन्हा तिकडं जाऊ नका. कटिंगनंतर सलूनमध्ये मान मोडून घेणाऱ्या घरच्या पुरुषांनाही सांगा.

आता तो एमआरआय. ‘गॅप’ हा शब्द आपल्याकडं कुणी रूढ केला कोण जाणे. वयानुसार दोन मणक्यांमधलं अंतर कमी होतं, वाढत नाही. गॅप कुठला पडायला! आणि गादी साबणाच्या वडीसारखी सरकत नसते, ती थोडी फुगते. २०१५ साली जपानमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मानेचा कसलाही त्रास नसलेल्या १२११ लोकांचे एमआरआय काढले होते. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. विशीतल्या पोरापोरींमध्येसुद्धा बहुतेकांच्या. म्हणजे उद्या महाद्वार रोडवरून चालणाऱ्या चाळिशीच्या शंभर बायकांना धरून फोटो काढले, तर मान न दुखणाऱ्या कित्येकींच्या हातात तुमच्यासारखाच रिपोर्ट पडेल. जाऊबाईंनी एमआरआय काढला होता का? नसेल, तर त्यांच्या लवकर बरं होण्यात त्याचाही वाटा असावा. त्यांना गादीची काळजी करावीच लागली नाही.

ही थट्टा नाही. हललं की नुकसान होईल अशी धास्ती आणि ‘आता हे काही बरं व्हायचं नाही’ अशी खात्री, या दोन्हींमुळं उपचाराचा गुण कमी येतो, हे मानेच्या बाबतीत चांगलं तपासलं गेलंय. धास्तावलेला माणूस मान जपतो, जपलेली मान आखडते आणि अशक्त होते, अशक्त मान लवकर दुखते. पट्टा याच चक्राला तेल घालतो. तो एकदम काढू नका, एकदम काढलात तर मान दुखेल आणि तुमची भीती खरी झाल्यासारखं वाटेल. दर दोन दिवसांनी एकेक तास कमी करा. सुरुवात घरात निवांत बसलेल्या वेळेपासून. महिनाभरात तो सुटला पाहिजे.

अंगठ्याच्या मुंग्यांबद्दल. सी ५-६ च्या गादीजवळून निघणारी नस अंगठ्याकडं जाते, त्यामुळं रिपोर्ट आणि मुंग्या जुळतात, हे मान्य. पण अंगठ्याला मुंग्या येण्याचं दुसरंही एक ठिकाण आहे, मनगट. बारीक हातकाम करणाऱ्या चाळिशीपुढच्या बायकांमध्ये मनगटात नस आवळली जाणं फार आढळतं. मुंग्या अंगठ्यासोबत पहिल्या दोन बोटांतही येतात का? रात्री त्यांनी जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं, असं होतं का? तसं असेल तर मानेला कितीही वजन लावून मनगट बरं होणार नाही. उपचाराचा गुण न येण्याचं हेही एक साधं कारण असतं, दुखण्याचा पत्ताच चुकलेला. पुढच्या वेळी तपासणाऱ्याला दोन्ही जागा बघायला सांगा. नस मानेतच दबत असली तरी बहुतेक जणांना काही आठवड्यांत ते महिन्यांत ऑपरेशनशिवाय उतार पडतो.

काही गोष्टी घडल्या तर मात्र माझं पत्र बाजूला ठेवून थेट डॉक्टर गाठा. हाताची ताकद कमी होणं, बटण लावताना किंवा नाणी मोजताना बोटं अडखळणं, चालताना तोल जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं. ही मज्जारज्जूवर दाब येत असल्याची लक्षणं असू शकतात. तुमच्या धंद्यात ती सगळ्यात आधी कळतील, मणी चिमटीतून निसटायला लागेल. तसंच ताप, कारण नसताना वजन उतरणं, पडल्या-आपटल्यानंतर सुरू झालेली कळ. आणि अचानक आजवर कधी नव्हती अशी मान किंवा डोकं दुखून चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलणं जड होणं असं काही झालं तर वाट न बघता लगेच सीपीआर, म्हणजे आपलं सरकारी रुग्णालय, किंवा जवळचं मोठं हॉस्पिटल. छातीत दाबल्यासारखं होऊन मान-जबडा-हात दुखला तरीही तेच.

मशीन लावून बाहेर मोबाईल बघणाऱ्या पोराबद्दल वाचून वाईट वाटलं, कारण तो माझ्याच पेशातला. शेक आणि करंट यांनी तात्पुरतं बरं वाटतं, त्यात काही गैर नाही, पण तेवढ्यानं मान काही शिकत नाही. ज्या रुग्णाला समजावून सांगितलं जातं, ज्याचा उपचार करणाऱ्यावर विश्वास बसतो आणि ज्याला स्वतः काय करायचं हे कळतं, त्याला तोच उपचार जास्त लागू पडतो. तुम्हाला दहा दिवसांत एकही व्यायाम कुणी शिकवलेला दिसत नाही.

व्यायामाचं म्हणाल तर, कोल्हापुरात मान कमावणं हे मी नव्यानं काय सांगावं? मोतीबाग, गंगावेश तालमीतल्या पोरांच्या माना बघा. म्हणून काही तुम्हाला आखाड्यात उतरायचं नाही, आणि डोक्यावर भार देऊन करायचे त्यांचे प्रकार तर मुळीच नकोत. पण तत्त्व तेच, थोडं थोडं वजन वाढवत नेणं. वस्तादही नव्या पोराला पहिल्या दिवशी हजार जोर काढायला लावत नाही. फिनलंडमध्ये जुनाट मानदुखी असलेल्या, ऑफिसात बसून काम करणाऱ्या १८० बायकांवर वर्षभर एक अभ्यास झाला, २००३ साली तो प्रसिद्ध झाला. नुसत्या ताण देण्याच्या व्यायामापेक्षा मान आणि खांद्यांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामानं दुखणं बरंच जास्त कमी झालं. तुम्ही म्हणाल, मला वर्षभर व्यायामाला वेळ कुठं? तर डेन्मार्कमधला २०११ चा अभ्यास तुमच्यासाठीच केलाय असं समजा. १९८ जण, आठवड्यातले पाच दिवस, दहा आठवडे. एका गटाला रबरी पट्टी ओढायचा व्यायाम रोज १२ मिनिटं, दुसऱ्याला फक्त दोन मिनिटं. दोन मिनिटंवाल्यांचं दुखणंही कमी झालं, आणि जवळपास तितकंच.

तुमची दोन मिनिटं अशी: उभं राहून रबरी पट्टीचा मध्य पायाखाली, टोकं दोन्ही हातांत, हात बाजूंनी खांद्याच्या उंचीपर्यंत वर आणि सावकाश खाली. पट्टी नसेल तर अर्ध्या लिटरच्या पाण्यानं भरलेल्या दोन बाटल्या. दुसरा व्यायाम झोपताना, उशीवर डोकं तसंच ठेवून हलकेच ‘हो’ म्हटल्यासारखी हनुवटी आत घ्यायची, पाच ते दहा सेकंद धरायची, दहा वेळा. पहिला आठवडाभर खांदे थोडे ठणकतील. ते नुकसान नाही, काम न केलेल्या स्नायूंची कुरकुर आहे. दुसऱ्या दिवशीपर्यंत ओसरत असेल तर चालू ठेवायचं. ओसरत नसेल तर निम्मं करायचं, बंद नाही. आणि जाऊबाईंबरोबर रंकाळ्यावर जा. त्यांच्या गुणातला मशीनचा वाटा किती आणि रंकाळ्याचा किती, याबद्दल मला तरी शंका आहे.

राहिली सुई. ४६ व्या वर्षी बिनचष्म्याची सुई ओवता येते याचा तुम्हाला अभिमान आहे, पण मला त्यात मान दिसते. एक तर तुम्हाला थोडा मायनस नंबर असेल, मग मणी डोळ्यांजवळ आणावा लागतो आणि डोकं मांडीकडं जातं. नाहीतर चाळिशी लागलीय, आणि तुम्ही डोकं मागंपुढं करत, उजेडाकडं वळत नेमकं अंतर शोधून तिथं मान धरून ठेवता. दोन्हीकडं मान डोळ्यांची चाकरी करतेय. साजाची २१ पानं गाठवून होईपर्यंत ती एकाच जागी किती वेळ खिळून राहत असेल! डोळे तपासून घ्या. डॉक्टरांना तुमचं काम सांगा, डोळ्यांपासून हात किती अंतरावर असतात ते दाखवा आणि त्या अंतराचा कामापुरता वेगळा चष्मा मागा. काम मांडीवरून उचलून छातीजवळ आणा. पाटावर पाट ठेवा, चौरंग घ्या, काहीही करा, पण कोपरं टेकली पाहिजेत. दिवा डाव्या बाजूनं, जवळ. अर्ध्या तासानं उठायचं, एक दागिना संपेपर्यंत थांबायचं नाही. लग्नसराईत सराफ घाई करतील. त्यांना दोन दिवस जास्त सांगायची सवय लावा.

ऑपरेशनबद्दल थोडक्यात. ताकद कमी होतेय, मज्जारज्जूवर दाब आहे, किंवा हातात उतरणारी कळ महिनोन्‌महिने नीट उपचार करूनही असह्य आहे, अशांसाठी ते आहे. नुसत्या मान-खवाट्याच्या कळीसाठी ते केलं तर कळ तशीच राहिलेले लोक मी पाहिलेत. तुमचा तर अजून खरा उपचार सुरूच झालेला नाही. वेदनाशामक गोळ्या मनानं रोज घेत असाल तर थांबवा, पोट आणि मूत्रपिंड दोन्हींना त्या त्रास देतात. दिवसभर काही करावंसं वाटत नाही, उगाच रडू येतं असं होत असेल, तर तेही फॅमिली डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. त्यावर उपचार झाला की मानेलाही उतार पडतो.

आणि आधीच सांगून ठेवते, मान पुन्हा कधीतरी दुखेल. एकदा मान दुखलेल्यांपैकी ५० ते ८५ टक्के लोकांना पुढच्या एक ते पाच वर्षांत ती पुन्हा दुखलेली असते, असं २००८ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटानं सगळे पुरावे तपासून मांडलंय. जाऊबाईही त्यात आल्या. तेव्हा ‘पूर्ण गेली का’ असं रोज सकाळी मान वळवून तपासू नका.

सहा आठवड्यांनी मला पुन्हा लिहा. दुखणं किती आहे ते शेवटी लिहा. आधी एवढं कळवा: पट्टा किती तास उरलाय, एक साज गाठवताना किती वेळा उठता, आणि गेल्या आठवड्यात सासूबाईंची कूस मालकांनी किती रात्री बदलली.